अर्ध्या वाटेवर

डॉक्टरांनी पट्टी सोडवली, टाक्यांच्या कडेनं दाबून पाहिलं आणि हातमोजे काढत म्हणाले, "जखम छान भरतेय. पॅन्ट चढवा, मग बोलू."

लिफ्ट मेकॅनिकनं पॅन्ट चढवली, पट्टा एक भोक सैल ठेवला आणि तो खुर्चीच्या कडेवर टेकला. बायकोच्या शाळेत परीक्षा होती, म्हणून तो एकटाच आला होता.

"वृषणातून काढलेला तुकडा तपासून आला," डॉक्टर म्हणाले. "मूळ पेशी भरपूर आहेत. त्या विभागतात, लहान होतात, इथवर सगळं ठीक. पुढे डोकं निमुळतं व्हायला हवं, शेपूट फुटायला हवं. ते होत नाही. काम अर्ध्यावरच थांबतं."

"आणि शेपूट फुटलं असतं तर?"

"तर त्या पेशी वृषणामागच्या वेटोळ्याच्या नळीत गेल्या असत्या. तिथून सरकता सरकता शुक्राणू पोहायला शिकतात. तुमच्याकडे तिथवर कुणी पोचतच नाही."

"औषध?"

डॉक्टरांनी मान हलवली. "तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा."

त्यानं विचारलं, शिड्या चढायला कधीपासून चालेल? आठवड्यानं, डॉक्टर म्हणाले. बाहेर पडल्यावर आता रडू येईल, म्हणून तो रस्त्याच्या कडेला जरा थांबला. जांभई आली.

घरी बाबा ओसरीत एका जुन्या खुर्चीला नवं कापड चढवत बसले होते. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. बायको यायच्या आत ते वाक्य एकदा तोंडातून काढून बघावं, एवढ्यासाठीच त्यानं त्यांच्याजवळ विषय काढला.

"मूल होणार नाही, बाबा. दोष माझ्यात आहे. पेशी अर्ध्यावर थांबतात."

बाबांनी ओठांत धरलेले बारीक खिळे एकेक करून तळहातावर काढले.

"शेपूट फुटत नाही," ते म्हणाले.

"शेपटाचं मी कुठं बोललो?"

"मलाही असंच सांगितलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा."

तो पायरीवर सावकाश बसला. टाके ओढले गेले.

"म्हणजे हे तुमच्याकडूनच आलं माझ्यात."

"माझ्याकडून कसं येईल, वेड्या?"

बाबा कापडाची घडी हातानं सारखी करत राहिले. त्यानं त्यांच्या बोटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला आणि बराच वेळ पाणी वाहत राहिलं.

"आईला माहीत होतं? तुमचं?"

"नाही. मी सांगणारच होतो. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. तेवढ्यात तीच म्हणाली, दिवस राहिलेत. फार खुश होती रे. मी म्हटलं, बरं झालं."

"आणि नंतर?"

"नंतर तू झालास. मी सांगितलं नव्हतं, म्हणून मला विचारताही आलं नाही कधी." त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "तू सूनबाईला सांग. आजच सांग."

आतून आईचा आवाज आला, "आलास का रे? काय म्हणाले डॉक्टर?"

बाबांनी कापडाचं दुसरं टोक त्याच्याकडे सरकवलं.

"धर," ते म्हणाले. "जरा ताणून धर."

त्यानं धरलं.