पाहुण्यांसाठी साकव

वरंडवाडीत पाहुण्याचे पाय चिखलात भरले तर ती गावाची लाज. पावसाळ्यात कुणाच्या पोरीला बघायला मंडळी यायची असोत की गणपतीला व्याही, आदल्या दिवशी सगळी वाडी कोयते घेऊन ओढ्यावर उतरते आणि सुपारीचे सोट बांधून साकव घालते. पाहुणे परतले की पुढच्या लोंढ्याला साकव वाहून जातो आणि माणसं पुन्हा कंबर-छातीभर पाण्यातून ये-जा करतात. स्वतःसाठी घालायचा तर दर आठवड्याला उभ्या सुपाऱ्या पाडाव्या लागतील. मग खायचं काय?

शाळा मात्र ओढ्याच्या अलीकडे, वाडीतच होती. जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, एक खोली आणि एक मास्तर, धम्मदीप सर. आवडाबाईची नात केसर तिथे दुसरीत होती. पोरीचे आईबाप मुंबईला कामाला, पोर आजीपाशी, म्हणून शाळेच्या समितीवर आजी गेली आणि बघता बघता अध्यक्षही झाली. अध्यक्षाने काय करायचं असतं ते तिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पण संध्याकाळी पडवीत केसर मोठ्याने धडा वाचायची तेव्हा म्हातारी विळी बाजूला ठेवून ऐकत बसायची. तिच्या घराण्यात एकही बाई वाचायला शिकली नव्हती. केसरने शिकावं, एवढी एकच गोष्ट तिला देवाकडे मागायची होती.

अशात राज्यात नवा कायदा येतोय असं कानावर आलं. कमी पटाच्या शाळा बंद करायच्या आणि पोरं लांबच्या मोठ्या समूहशाळेत न्यायची. वरंडवाडीची समूहशाळा ओढ्यापलीकडे, हमरस्त्यावर.

सर गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी आवडाबाईला अलिबागला नेऊन जिल्हा परिषदेच्या सभेत उभं केलं. "पावसात वढा माझ्या छातीला लागतो," ती म्हणाली, "मंग पोरांच्या कुठं लागंल ते तुमीच बगा." एरवी चहाच्या कपावरून भांडणाऱ्या सदस्यांनी एका सुरात ठराव केला. वाटेत ओढा किंवा खाडी असेल तिथली शाळा बंद करू नये, असं कलम कायद्यात घाला. जिल्ह्याची माणसं मुंबईला गेली, आमदारांना भेटली, मंत्र्यांच्या दारात ताटकळली. शेवटी विधिमंडळाच्या समितीने सांगितलं, "अशी एक तरी जागा आम्हाला दाखवा." जिल्ह्याने वरंडवाडी दाखवायची ठरवली. साऱ्या जिल्ह्याच्या शाळा त्या एका ओढ्यावर येऊन ठेपल्या.

"आज्जी, ओढा आहे तसाच राहू दे," सर निघताना म्हणाले. समितीला आणायला ते दोन दिवस आधीच अलिबागला चालले होते.

"व्हय गुरुजी," आवडाबाई म्हणाली. तिला वाटलं, मास्तर संकोची माणूस, गावाला कशाला त्रास म्हणून बोलतोय. चांगला माणूस असंच बोलायचा! म्हणून आपण ऐकायचं असतं थोडंच?

आदल्या दिवशी पाऊस उघडला तशी तिनेच हाक दिली. सरकारातली माणसं आपल्या दारी येणार आणि धोतर-लुगडी वर खोचून येणार? भागोजीने, तिच्या नात्यातल्या दिराने, बागेतल्या धरत्या सुपाऱ्यांना कोयता घातला. लग्नातही त्याने कधी फळतं झाड पाडलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत साकव उभा राहिला, धरायला दोन्ही अंगांना बांबू, वर चिव्याच्या बारीक बांबूंची दाट बिछायत. बायकांनी वाटेवर खडी पसरली आणि पलीकडच्या तोंडाशी रांगोळी काढली. इतका देखणा साकव वाडीने आजवर घातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाड्या पलीकडे थांबल्या. पुढे उतरलेल्या धम्मदीप सरांचा चेहरा ओवाळायचं ताट घेऊन ऐलतीरावर उभ्या असलेल्या आवडाबाईने पाहिला. स्वतःचं घर जळताना माणूस जसा बघेल तसे सर साकवाकडे बघत होते.

समितीचे अध्यक्ष बूट न काढता आले. कुंकवाचा टिळा लावून घेतला, चहा घेतला, हसून म्हणाले, "रस्ता तर छान आहे की!"

"साहेब, हा काल बांधलाय," सर घाईने म्हणाले. "तुमच्यासाठी. एरवी इथे—"

"काल? किती वेळ लागला, आजी?"

"दिस मावळायच्या आत झाला," आवडाबाईच्या तोंडून गेलं. तेवढ्यात अभिमानही आला. "आमच्या गावात एकी हाय, सायेब."

"मग झालं तर! गावाने मनात आणलं तर एका दिवसात पूल होतो. ह्यापायी कायदा कशाला अडवायचा?"

सर तिच्याकडे बघत राहिले. भागोजीच्या पडलेल्या सुपाऱ्यांचं तिने आता सांगायला हवं होतं, हे रोज परवडत नाही एवढंच म्हणायला हवं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण दारी आलेल्या पाहुण्याला, तुझ्यापायी आमचं काय गेलं, हे कुणी सांगतं का? भागोजीनेही मान खाली घातली. समिती साकवावरून कोरड्या पायांनी परत गेली.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते खोटं नाही. कायदा झाला, ओढ्याचं कलम त्यात आलं नाही. शाळेला कुलूप लागलं आणि सरांची बदली घाटाजवळ झाली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. उलट जाताना वाकून पाया पडले, म्हणाले, "केसरचं वाचन सोडू नका." म्हातारी त्या दिवशी जेवली नाही.

साकव तर समिती गेल्यावर पहिल्याच लोंढ्याला वाहून गेला होता. पुढच्या पावसात आवडाबाई नातीला समूहशाळेत पोचवायला खांद्यावर घेऊन ओढा उतरू लागली. एक दिवस पाय सरकला. केसरला तिने झिंज्यांना धरून वर काढली, दप्तर गेलं. मुंबईहून सुनेचा फोन आला, "आत्ये, पोर जिवंत ऱ्हाऊ द्या. साळा नको." केसर घरी बसली, गुरं वळू लागली.

श्रावणात तालुक्याहून निरोप आला. शाळा सुटलेली पोरं शोधून पुन्हा शाळेत न्यायला शिक्षणखात्याचा साहेब येतोय, साधाच का होईना, साकव घाला.

भागोजी कोयता घेऊन उठला. आवडाबाई आडवी आली. "न्हाय भावजी. येऊ दे त्याला पान्यातनं. कळू दे." तिला वाटलं, ह्या खेपेला तरी आपण शहाणपण केलं.

साहेब आला, तरणा होता, बरा दिसत होता. ओढा तांबडा होऊन दुथडी वाहत होता. त्याने पाण्यात काठी घालून बघितली, मागे सरला, आणि हाताचा भोंगा करून ओरडला. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना. आवडाबाईने केसरला पुढे उभी केली, तिचा हात धरून वर केला आणि जीव तोडून हाका मारल्या. साहेबानेही हात हलवला, आणि तो वळून गाडीत बसला.

गाडी दिसेनाशी झाली तरी केसर हात हलवत होती.

"आज्जे, त्यो मला न्यायला आलेला?"

"व्हय," आवडाबाई म्हणाली.

"मंग आपन साकव का न्हाय घातला?"