बॉबिनचं माप

मास्तरांना मोडलेल्या पायापेक्षा मांजरीचा घोर जास्त होता. वरच्या फळीवरून अस्तराचा तागा काढताना स्टूल कलंडलं, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घर त्यांच्याच शिवणाच्या दुकानावर, जिना खडा, म्हणून पाय बरा होईपर्यंत त्यांची रवानगी गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर राहणाऱ्या ताईकडे झाली. ताईकडे दांडगा कुत्रा. तेव्हा बॉबिन घरीच राहिली, बायकोच्या भरवशावर.

मशीनवरच्या बॉबिनी पळवायची म्हणून मांजरीचं नाव बॉबिन. तिला मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ खाणं झालं की मानेमागची कातडी चिमटीत धरून इन्सुलिन टोचायचं, हे काम मास्तरांचं. यात हयगय झाली तर मांजर हातची जाईल, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बायको जन्मभर दुकानात काज-बटण करत आलेली, पण सुईने कापडात जावं, कातडीत नाही, असं तिचं ठाम मत. मास्तरांनी इंजेक्शन हातात घेतलं की ती दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहायची.

पहिल्याच दिवशी तिने फोनवर रडत कबूल केलं की औषध सगळं केसांतच सांडलं आणि बॉबिन कपाटावर चढून बसली. त्यानंतर मात्र तिचं रडणं थांबलं आणि रोज एकच उत्तर यायला लागलं, "सगळं व्यवस्थित चाललंय. तुम्ही नका काळजी करू."

हा सूर मास्तर ओळखून होते. ओळखणारच, तो त्यांचाच होता. कापडाला कात्रीही लागलेली नसताना गिऱ्हाइकाला 'झालाच तुमचा कोट, नुसतं काज-बटण राहिलंय' असं तोंड भरून सांगण्यात त्यांची हयात गेली होती.

"खाते का नीट?"

"खाते की."

"जरा फोनजवळ आण तिला."

"आत्ताच झोपलीय हो."

जेव्हा विचारावं तेव्हा मांजर झोपलेली. ते पडले त्याच्या आधीच बॉबिनचा नुसता सापळा झाला होता, पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. मास्तरांच्या मनाने घेतलं, बॉबिन गेली. हाड सांधेपर्यंत बायको नि ताई दोघी मिळून आपल्याला झुलवताहेत. ताईला खोदून विचारलं तर ती म्हणाली, "अरे, बायको सांगतेय ना सगळं बरं आहे म्हणून? गप पड मग." झालं, त्यांची खात्रीच पटली. रागवायचीही सोय नव्हती, रागवणार कुठल्या तोंडाने?

एका दुपारी बायको आली ती तणतणतच. पिशवीतून जाड कापडाची एक लांबट खोळ काढून तिने त्यांच्या पुढ्यात टाकली. "अहो, हे बघा जरा. आत कापडच उरलं नाही."

"हे काय आहे?"

"बॉबिनचा कोट. नुसत्या मांजराला टोचणं काही माझ्याच्याने होईना. मग हा शिवला. डोकं बाहेर, पाय आत, गळ्याशी बटण, आणि मानेमागे हे मोठं काज. त्यातून कातडी चिमटीत धरते नि टोचते. डॉक्टरीणबाईंना करूनसुद्धा दाखवलं. काजात सुई घालायला मला कसली भीती?"

बोलण्यावर मास्तरांचा विश्वास उडाला होता, शिवणीवर होता. त्यांनी खोळ उलटी केली. आत पांढरे केस चिकटले होते. कडेला पहिली शिवण उसवलेली, नुसत्या सुईच्या भोकांची रांग उरलेली. तिच्या बाहेर दुसरी शिवण, तीही उसवलेली. तिसरी पार कापडाच्या काठावर. मास्तरांनी तिन्हींवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. मेलेल्या मांजराचा कोट कुणी दोनदा सैल करत नाही.

"अगं, अंगाला लागली की ती," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"लागली म्हणजे? बटण लागत नाही आता! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर ताळ्यावर आली की अंग धरतंच."

"मग फोनवर नीट सांगायला काय झालं होतं तुला?"

"नीटच तर सांगत होते! सगळं व्यवस्थित आहे म्हणून रोज घसा कोरडा केला. मी काय गिऱ्हाइकाशी बोलत होते होय?"

मास्तरांना असं हसू फुटलं की पायातून कळ गेली. कळवळत, डोळे पुसत ते हसतच राहिले. बाहेर कुत्रा भुंकायला लागला आणि ताई काय झालं म्हणून डोकावून गेली.

"हसताय काय? बाजूला पट्टी जोडायची तर किती घेऊ, ते सांगा. दोन बोटं?"

मास्तरांनी खोळ मांडीवर पसरली, हाताने सपाट केली आणि नीट माप घेतलं.

"चार घे," ते म्हणाले. "अजून भरेल ती."