दुसरं म्युझिक

मुलींना हसू आवरेना. कायतानच्या नव्या स्तोत्राची पहिली ओळ कशीबशी निभावली. दुसऱ्या ओळीला एकीनं दुसरीच्या बरगडीत कोपर मारलं, आणि तिसऱ्या ओळीला मेस्त रुझारच्या पुतणीनं, आल्डानं, स्तोत्र सोडून सरळ त्या चालीमागून येणारं सिनेमाचं कडवंच पुढे ओढलं. हिंदी शब्दांसकट. कपेलात, गावच्या छोट्या चर्चमध्ये, सायबीणमातेच्या मूर्तीसमोर.

मेस्त रुझारनं हार्मोनियमचा भाता सोडला. गावच्या गायकांना शिकवण्यात त्याचे केस पिकले होते, पण असला प्रसंग त्याच्यावर आला नव्हता.

"कायतान, ही काय थट्टा लावलीस रे?"

"थट्टा कसली? चाल माझी आहे."

"असं? मग रेडिओवाल्यांना कळव बाबा. ते बिचारे रोज भलत्याचंच नाव घेतात."

आता मुली मोकळेपणानं हसल्या. कायतान व्हायोलिन हनुवटीखाली तसंच धरून उभा राहिला. सांगणार काय आणि कुणाला?

चाल त्याचीच होती. गेल्या फेस्ताला, कपेलाच्या वार्षिक सणाला, त्याची आई पिएदाद त्याला म्हणाली होती, "पुता, मुंबईत त्या नटनट्यांच्या नाचासाठी एवढं वाजवतोस. सायबिणीसाठी एकदा काहीतरी कर. मी डोळे मिटायच्या आत ऐकू दे." मुंबईत धोबीतलावला गावकऱ्यांच्या कुडात, सगळ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, बाकीचे कामावर गेले, की ट्रंकेवर बसून कायताननं ते स्तोत्र बांधलं होतं. 'माये' या शब्दावर चाल वर चढायची, लेकरानं उचलून घे म्हणून हात वर करावेत तशी. ती एक जागा सापडायला त्याला सगळा पावसाळा लागला.

आणि मग त्यानं ती एका दुपारी फुकट देऊन टाकली.

संगीतकार हंसराजबाबूंना नोटेशनचं एक टिंब लिहिता येत नव्हतं. ते पेटीवर मुखडा बांधायचे. कडव्यांच्या मधल्या मोकळ्या जागा, म्हणजे पहिलं म्युझिक आणि दुसरं म्युझिक, त्या गोव्याच्या माणसांनी भरायच्या. भरायच्या आणि तोंड मिटून बसायचं. तबकडीवर नाव बाबूंचं. याला धंद्याची रीत म्हणतात. रस्त्यावर कुणी असं केलं तर त्याला दुसरं नाव आहे.

त्या दुपारी स्टुडिओत दुसरं म्युझिक जमेना. निर्माता घड्याळ बघत होता. बाबू ओरडले, "मला रडव, कायतान! सगळे नुसते खाजवताहेत!" कायतानची बोटं वैतागून तारांवर पडली आणि सवयीनं तिकडेच गेली जिकडे रोज सकाळी जायची. दालन गप्प झालं. निर्मात्यानं चष्मा काढला.

"हेच!" बाबू म्हणाले. "फक्त तिथं वर नको चढूस. खाली उतर. पब्लिक वर बघून रडत नाही."

कायतानला नाही म्हणता आलं असतं. पण तोवर रांगेतल्या सगळ्या व्हायोलिनांनी ती ओळ उचलली होती. मागून चेलो आले. कुडातल्या ट्रंकेवर जन्मलेली ती चाल एकदम महालाएवढी झाली, आणि त्याच्या अंगावर काटा आला. गावात काय होतं? दोन व्हायोलिनं आणि फाटक्या भात्याची हार्मोनियम. त्या मोहापायी तो गप्प बसला. सिनेमाचं गाणं माणसाला असं खातं. गळा दाबत नाही, तुझंच तुला इतकं सुंदर करून दाखवतं की तू आपण होऊन हात सोडतोस.

हसण्याचा आवाज ऐकून फादर ज्योकिम आत आले. मेस्तनं सगळं सांगितलं.

"उद्या फेस्त आणि तू सायबिणीपुढे चोरीचा माल ठेवतोस?"

"फादर, चोरी त्यांनी केली. बघा, माझं इथं वर चढतं, त्यांचं खाली उतरतं."

"चोरानं शर्टाचं एक बटण बदललं म्हणून शर्ट त्याचा होत नाही, कायतान."

"अहो, पण चोर मी नाही!"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

 याचं उत्तर फादरना सांगण्यासारखं नव्हतं.

"चाल बदल," फादर जरा मऊ झाले. "नाहीतर नेहमीचं जुनं स्तोत्र गाऊ या."

दुपारभर माडाखाली बसून त्यानं चाल बदलून पाहिली. इकडे ओढली, तिकडे वाकवली. प्रत्येक वेळी ती लंगडी झाली. चांगली चाल एकाच तऱ्हेनं उभी राहते. शेवटी व्हायोलिनचा गज आपटून तो घरात गेला.

पिएदाद ओसरीवर खाजें निवडत बसली होती. गूळ जास्त झालेले तुकडे वेगळे, पाहुण्यांचे वेगळे. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"कशाला रे चोरलंस?" ती वर न बघता म्हणाली.

"मांय, तूसुद्धा?"

"शेजारच्या जोझफीनच्या ट्रान्झिस्टरवर रोज लागतं ते. मधे ती व्हायोलिनं येतात ना, मला रोज रडू येतं. हातातलं काम थांबतं बघ."

"ती व्हायोलिनं माझी आहेत! तुझ्यासाठी केलेली चाल आहे ती!"

आता तिनं वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, कीव होती. ती जास्त लागली.

"पुता, तू चांगलं वाजवतोस. पण इतकं चांगलं?"

त्यानं पेटीतून व्हायोलिन काढलं आणि तिच्यासमोर ते स्तोत्र वाजवलं. 'माये'वर चाल वर चढली. पिएदादनं मान हलवली.

"इथं चुकलास. रेडिओवालं इथं खाली येतं. तिथंच तर रडू येतं."

दुसऱ्या दिवशी जुनंच स्तोत्र गायलं गेलं. मेस्त रुझारनं कायतानला दुसऱ्या व्हायोलिनवर बसवलं. लोक जांभया देत उभे राहिले, गुडघ्यावर बसले, परत उभे राहिले.

मिस, म्हणजे फेस्ताची प्रार्थना, संपली, सगळे बाहेरच्या मैदानात खुरसापाशी, दगडी क्रुसापाशी आले. मडगावहून आलेल्या बँडनं तिथं लोक सांगतील ते वाजवायचं, ही गावची रीत. पिएदादला खुर्ची दिली होती. कुणीतरी ओरडलं, "ते लाव रे, ते रडकं!" सगळ्यांना कळलं कोणतं ते.

कर्णे सुरू झाले आणि गाव जागं झालं. जांभया देणारे तेच लोक. आल्डा गात होती. मेस्त रुझार बोटानं मांडीवर ताल धरून होता. फादर ज्योकिम लिंबूसोडा पीत उभे होते, झग्याखाली बूट हलत होता.

"काय फादर," कायतान म्हणाला, "आता चालतं?"

"कपेलाच्या बाहेर आहे ना बाबा."

पिएदादनं त्याला हातानं खुणावलं. "वाजव ना यांच्याबरोबर! मधलं ते, व्हायोलिनचं!"

कर्णेवाल्यांनी हसून जागा करून दिली. त्यानं पेटी उघडली. दुसरं म्युझिक आलं. साऱ्या मैदानात फक्त त्याचं व्हायोलिन. लोक गप्प झाले. स्टुडिओतलं दालन झालं होतं तसे. ती जागा आली आणि त्यानं चाल वर चढवली.

"चुकला!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. "मुंबईवाला चुकला!"

कर्णेवाला त्याच्याकडे वाकला. "बाब, तिथं खाली आहे. रेकॉर्ड ऐकली नाही का?"

"मीच आहे रेकॉर्डवर!"

"बरं, बरं," कर्णेवाला म्हणाला, दारू प्यायलेल्याशी बोलावं तसं. "परत घेऊ या."

परत घेतलं. सगळं मैदान आता त्या जागेची वाट बघत होतं. पिएदाद खुर्चीतून हात खाली नेऊन त्याला दाखवत होती, खाली, पुता, खाली. कायताननं दात आवळले आणि वर चढला. पहिल्यापेक्षा जोरात. कर्णे खाली उतरले, तो एकटा वर राहिला. दोन सूर एकमेकांवर असे घासले की पोरांनी कानांवर हात ठेवले.

पिएदादनं लाजून पदर तोंडावर ओढला.

"परत," कायतान म्हणाला.