बिडी सोड, मग ये

पालघरच्या प्रशिक्षणात डॉक्टर हेमालींनी मला उठवून नर्स केलं. नर्स मी आहेच, वीस वर्षं, मासवणजवळच्या उपकेंद्रात. पण ही नाटकातली. आरोग्यसेवक धर्मेश पेशंट झाला. त्याची बिडी सोडवायची होती.

मी सवयीने सुरू केलं, "आधी बिडी सोड, मग तोंड दाखव!"

सगळे हसले. हेमाली हसल्या नाहीत. "सिस्टर, असं रागावलं की माणूस बिडी सोडत नाही, दवाखाना सोडतो. आधी नीट विचारा. मग साथ द्या."

माझ्या जिभेला हाड नाही, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. मला त्याचा अभिमानच होता. पण खाली बसताना जिवल्या आठवला. डोंगराकडेला भात पिकवणारा अबोल माणूस. दिवाळीत खोकत आला तेव्हा त्यालाही हेच ऐकवलं होतं आणि न तपासताच दारातून परत पाठवलं होतं. पुन्हा तो आला नाही. गेला असेल वीटभट्टीवर, असं मी धरून चालले. कोणाला विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पाड्यावर गेले. वाटेत प्रश्न घोकत होते: किती ओढता, कधीपासून, सोडावीशी वाटते का.

जिवल्या पडवीत बाजेवर पडला होता. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. त्याची बायको चिमी मला बघून उठली.

"रगत पडतं, बाई. किती सांगितलं, दवाखान्यात चल. आयकतच नाय."

"का रे, जिवल्या?" आज माझा आवाज चढला नाही.

तो कोपरावर रेलून कसाबसा उठला. "मधी बिडी सुटली होती, बाई. परत लागली. मंग कसा येणार? आता होळीपासून एक पण नाय ओढली. पक्की सुटली का मंगच येणार होतो. चिमीला विचार."

चिमीने मान हलवली.

सोडणाऱ्याचं कौतुक करा, असं शिकवलं होतं. मी "शाब्बास" म्हणाले आणि मला रडू फुटलं. रागाच्या भरात बोललेलं मी विसरून गेले होते. त्याने मात्र ते पाळलं होतं, दिवाळीपासून सहा महिने, रक्त ओकत.

एकशेआठला फोन लावला. गाडी निघाली म्हणाले. चिमी त्याला सदरा घालू लागली. एक बाही घालून झाल्यावर त्याने तिचा हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता आत घेशील ना, बाई?"