मामाच्या नाकातली मुंगी

आमच्या कारखान्यातल्या मीटरला दोन पाय होते, मिशी होती आणि तो माझा सख्खा मामा होता. कामगार त्याला तोंडावर 'मीटर'च म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. आम्ही नळांवर, हँडलांवर क्रोम चढवतो. टाकीत माल सोडला की मामा तिच्यावर वाकायचा, डोळे मिटायचा, लांब श्वास घ्यायचा आणि जाहीर करायचा, "आली मुंगी! करंट बरोबर आहे."

मुंगी म्हणजे नाकात होणारी झिणझिण. ही विद्या त्याला त्याच्या उस्तादाकडून मिळाली होती. उस्ताद म्हणे एका नाकपुडीतून दोरा घालून दुसरीतून काढून दाखवायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. आता बोला! नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलंय, आणि टाळ्या!

क्रोमियमशी माझं भांडण नाही, हं. धातू म्हणून तो अगदी गुणी. हवा लागली की स्वतःच्या अंगावर एक पापुद्रा चढवून घेतो, डोळ्याला दिसणारही नाही इतका पातळ, आणि मग गंज फिरकत नाही. नळावर बसला की कडक, चकचकीत, खुशाल तोंड लावून पाणी प्या. पण नळावर बसायच्या आधी तो टाकीतल्या आम्लात असतो, लालसर तपकिरी, आणि तिथे त्याचे गुण पार बदललेले असतात. करंट सोडला की बुडबुडे येतात, ते फुटले की बारीक तुषार उडतात. कातडीवर बसले तर जखम करतात आणि ती लवकर भरत नाही. नाकात गेले तर नाक खातात, आणि वर्षानुवर्षं छातीत जात राहिले तर कॅन्सर. म्हणून टाकीचं पाणी बदलताना दुसरं रसायन घालून ते हिरवं केल्याशिवाय मी गटारात थेंब जाऊ देत नाही. हिरवं झालं म्हणजे त्याची नांगी मोडली. ते हिरवं पाणीही आधी निवळायचं, खाली बसलेला गाळ वेगळा काढायचा, मगच मोरीचं तोंड दाखवायचं.

कारखाना आईचा होता, आता माझा आहे. टाकी मात्र मामाची, असं मामाचं मत. मी टाकीच्या काठाला तुषार ओढून घेणारा पंखा बसवला. मामाने तो बंद केला. "तुझा पंखा माझी मुंगी पळवतो." तुषार दबावेत म्हणून पाण्यावर तरंगणारे प्लास्टिकचे गोळे टाकले. संध्याकाळी ते बादलीत. "टाकी आहे ही, पोरांच्या खेळायची जागा नाही." मास्क दिला, तो खुंटीला. भिंतीवर खराखुरा मीटर लावला, त्याच्यावर मामाने स्वतःचा डबा ठेवायची पिशवी अडकवली. डबासुद्धा आत आणायचा नाही हा नियम आहे, ते वेगळंच. मी काय कमी बोलले असेन? माझा राग नाकावर असतो, सगळ्यांना माहीत आहे. पण मामा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अशात एका मोठ्या गिऱ्हाइकाचे नळ करपले. चकाकी सोडून कडांना राखाडी खरबरीत थर आला. जास्त करंटने असं होतं. मी पिशवी काढून मीटर पाहिला, तर काटा भलतीकडेच.

"मामा, करंट कोणी वाढवला?"

"मीच. मुंगी येत नव्हती."

"म्हणून वाढवत सुटलास?"

"पंख्यामुळे होतं सगळं!"

"पंखा तर तू बंद केलायस!"

कामगार खाली मान घालून हसत होते. मामा तावातावाने म्हणाला, "पैज लाव. बरणीत पाणी आण. नुसत्या नाकाने सांगतो टाकीला काय झालंय ते. हरलो तर तुझा पंखा, तुझे गोळे, तुझा मास्क, सगळं मान्य."

टाकीतलं पाणी मी त्याच्या नाकाखाली धरणार? मला काय वेड लागलंय? मी ऑफिसात गेले आणि कोरा चहा केला, चांगला कडक, मूठभर आलं ठेचून. कोमट झाल्यावर नव्या कोऱ्या काचेच्या बरणीत गाळला. रंग हुबेहूब टाकीतल्या पाण्यासारखा. बेत साधा होता. मामा वास घेणार, "अगं भवाने, हा तर चहा!" म्हणून माझा कान धरणार, सगळे हसणार, आणि त्या हसण्यात मी त्याच्याकडून पंख्याचं कबूल करून घेणार.

ऑफिसच्या टेबलाशी सगळे जमले. खोलीभर आल्याचा वास घुमत होता. एकाने तर हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबला. मामाने बरणी उचलली. डोळे मिटले. लांब श्वास घेतला.

"आम्ल चढलंय," तो म्हणाला. "थोडं पाणी घाला."

सगळे खो खो हसले. मग एकेकाचं हसू आटलं. मामाने डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं, मग बरणीकडे, मग बोट बुडवून चाटलं. बरणी त्याने फार हळू खाली ठेवली.

मी सगळ्यांना बाहेर काढलं.

"कधीपासून?"

"कळलंच नाही गं. एक दिवस मुंगी आली नाही. वाटलं, करंट कमी असेल. मग आणखी खाली वाकायला लागलो. वासही त्याच सुमारास गेला असेल."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? मीटर बिघडला की लोक बदलतात."

मला रडू आलं. मला रडू आलं की मी ओरडते, तशी ओरडले. "मीटर भिंतीवर आहे माझ्याकडे! मला मामा पाहिजे, मामा! नाकासकट!"

एवढं ऐकून तो गप डॉक्टरकडे आला. डॉक्टरांनी बॅटरी मारून नाकात पाहिलं, छातीचा फोटो काढला. छाती स्वच्छ होती. पडद्याला मात्र भोक होतं, लहानसं. आपोआप बुजणार नाही, पण तुषार बंद झाला तर वाढायचं नाही. वासाचं काही सांगता येत नाही, म्हणाले.

"दोरा जाईल का?" मामाने विचारलं. मी टेबलाखालून असा चिमटा काढला की त्याची मिशी थरथरली.

दुसऱ्या दिवशी मामाने स्वतः पंखा लावला. गोळे टाकीत ओतले, मास्क चढवला, आणि भिंतीवरच्या मीटरसमोर जाऊन उभा राहिला, सवत बघावी तसा. संध्याकाळी कोपरापर्यंत हात धुतले, कामाचे कपडे तिथेच ठेवले. मी त्याला घरी सोडायला गेले.

घरी आल्यावर उंबऱ्यातच "अहाहा, काय वास सुटलाय!" म्हणायची त्याची जुनी रीत. मामी मला हसत सांगायची, "हल्ली मी गॅस पेटवायच्या आधीच म्हणतात!" आम्ही दोघी किती हसलो होतो त्याच्यावर.

त्या दिवशीही त्याने चपला काढल्या, सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "काय करतेयस गं आज? मला वास येत नाही."

मामीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने शेगडीजवळ स्टूल ओढलं, त्याला बसवलं आणि तेलात कांदा टाकला.

"आत्ता कच्चा आहे, उग्र," ती ढवळत सांगू लागली. "डोळ्यांत जाईल असा. आता उग्रपणा गेला. आता गोडसर यायला लागलाय. कडेला जरासा खरपूस."

मामाने डोळे मिटले, टाकीवर मिटायचा तसेच. लांब श्वास घेतला.

"आला," तो म्हणाला.

खोटारडा मेला! पण त्या दिवशी मी त्याला एक शब्द बोलले नाही.