खुराड्यातली गादी

"मामी, तूस कुठी गेलं?" मयुरी खुराड्याच्या दारातच थांबली.

"फेकलं उकिरड्यावर. केवढी घाण होती ते," गोकुळाबाई म्हणाली, आणि शेणाचा हात लुगड्याला पुसत सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिली. कौतुकाला इतका उशीर का लागावा, ते तिला कळेना.

आतली जमीन कशी लख्ख सारवलेली होती. कडेने बोटांची नक्षीसुद्धा ओढलेली. आणि त्या ओल्या सारवणावर, पौषातल्या थंडीत, चाळीस पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती. त्यांच्या डोक्यावरचा उबेचा बल्ब काढून चारच दिवस झाले होते.

गोकुळाबाईने तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात सफाई केली. रोजंदारीवर लागली, रोजंदारीवरच घरी आली. सोबत आणली ती एकच गोष्ट, उभी राहील तिथली जमीन झाडायची सवय. आणि सुनेने वडशाला कोंबडीपालनाच्या शिबिरात तीन दिवस शिकून आणली ती ही गादी पद्धत. कॅलेंडरच्या पाठीवर तिने खुराड्याचा नकाशा काढला. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आत घुसत नाही. गुडघाभर भिंत, वर जाळी, खाली धानाच्या तुसाची जाड गादी.

"कोंबड्या त्याच्यावरच घाण करतेत, मामी. आपण दाताळ्यानं रोज वर-खाली करायचं. वर्षभर काढायचं नाई. मुरलं का आतून ऊब देते."

गोकुळाबाईने मान डोलावली होती. भिंती तिनेच लिंपल्या. पण काढायचं नाही म्हणजे खरंच काढायचं नाही, हे कोणत्या बाईला पटेल? तिने महिनाभर कळ काढली, हेच पुष्कळ झालं.

त्या रात्रीच्या थंडीने सकाळपर्यंत चार पिल्लं गेली.

मयुरीने राइस मिलमधून नवं तूस आणलं, पसरलं, आणि दाराच्या कडीला तार पिळून बांधली. कोंबड्यांना कडी काढता येत नाही, हे गोकुळाबाईलाही ठाऊक होतं. लेक भूपेश राजुऱ्याकडे खाणीत कामाला, घरात दोघीच, आणि मधे ती तार. अंगण झाडताना गोकुळाबाई आता खुराड्याच्या दोन हात अलीकडेच थांबायची. पिल्लांचा आवाज ऐकायची, वळायची.

फेब्रुवारीत दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. तिसऱ्या सकाळी झाडता झाडता ती थबकली.

"मयुरी, आत मुताचा वास येऊन राह्यला."

"मले तं नाई येत."

"तुले सर्दी आहे. अन् मी तीस वर्षं त्याच वासाचा पगार घेतला."

मयुरीने तार सोडली. वाकून पाहिलं. "सुकं तं आहे, मामी."

गोकुळाबाई खाली बसली. नाक पुढे करून सरकत सरकत मागच्या कोपऱ्याशी गेली आणि तुसात मनगटापर्यंत हात घातला. खालून काळा, ओला गोळा निघाला. सर्दी असूनही त्याच्या उग्र वाफेने मयुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. वर पाहिलं, तर छपराच्या टिनाला खिळ्याचं भोक.

"अजून दोन दिवस गेले असते," मयुरी हळूच म्हणाली, "तं पिल्लांचे डोळेच गेले असते."

"मंग सारं काढू?" गोकुळाबाईने विचारलं, आणि विचारतानाच हात मागे घेतला.

"ओलं तेवढंच काढा."

ओलं तेवढंच काढलं. चुना भुरभुरला, कोरडं तूस मिसळलं, भोकावर डांबर लावलं. बाकीच्या तुसाकडे पाहून गोकुळाबाईचा जीव कासावीस होत होता, पण राहू दिलं. बाहेर आल्यावर मयुरीने नुसती कडी लावली. तार तिने परसात नेली आणि वाकलेल्या टमाटरच्या झाडाला काठी बांधली.

दुसऱ्या सकाळी गोकुळाबाई झाडत झाडत थेट खुराड्याच्या दारापर्यंत आली. तिथे, चपला काढाव्यात तसा, खराटा भिंतीला टेकवून ठेवला आणि रिकाम्या हातांनी आत गेली.