पहिल्या पानावरची सूनबाई

सासऱ्यांनी सकाळी पेपर उघडला आणि तसाच मिटून गादीखाली सारला. पहिल्या पानावर त्यांची सूनबाई होती. प्राण्यांच्या निवाऱ्यातली डॉक्टर. मांडीवर कुत्र्याचं डोकं, हातात सुई. खालच्या मोठ्या फोटोत तेच कुत्रं निपचित पडलेलं, जीभ बाहेर आलेली.

"पेपर आला नाही?" चहा देताना सूनबाईने विचारलं.

"नसेल आला."

"बाबा, खोटं बोललात की तुमचे कान लाल होतात. फोटोग्राफरला मीच आत घेतलं होतं. निवारा गच्च भरलाय, न्यायला कोणी येत नाही. धडधाकट जनावरांनाही कायमचं झोपवावं लागतं. कळू दे लोकांना."

"पण असं उघडंवाघडं? घरोघरी लेकरं पेपर बघतात गं."

"मी रोज बघते, बाबा."



ती कामावर गेली आणि फोन खणखणू लागला. "कसाईण आहे का घरी?" कोणीतरी खेकसलं.

"नाही. मी तिचा सासरा. काय बोलायचं ते मला बोला."

दुपारपर्यंत त्यांनी परक्यांच्या शिव्या मुकाट ऐकल्या आणि प्रत्येकाला शेवटी एकच विचारलं, "मग तुम्ही एखादं नेता का?" बहुतेकांनी फोन आपटले. एक बाई मात्र रडायला लागली आणि तिने पत्ता विचारला.

पत्ता सांगता सांगता म्हातारा स्वतःच ओशाळला; आपण तरी कुठे एखादं नेलंय? जन्मभर कुत्र्याला वचकून रस्ता बदलणारा माणूस, काठी घेऊन थेट निवाऱ्यात गेला. फाटकाशी चारदोन माणसं भांडत होती. ती रडणारी बाई आत पिंजऱ्यांपुढे उभी होती.

"बाबा, तुम्ही कशाला आलात?"

"उद्या कोणाची पाळी आहे?"

सूनबाईने एका लंगड्या कुत्रीकडे बोट केलं. सासऱ्यांनी काठी पुढे धरली. "चावत नाही ना?"

"दातच नाहीत तिला."

"मग आमचं जमेल. माझे तरी कुठे धड आहेत?"

सूनबाई कितीतरी दिवसांनी हसली.

संध्याकाळपर्यंत थोडी कुत्री घरी गेली, बाकीची राहिली. दुसऱ्या दिवशी सुई पुन्हा हातात घ्यावी लागणारच होती. सकाळी सूनबाई निघाली तेव्हा सासरे दारापर्यंत आले, लंगडी कुत्री त्यांच्या धोतरामागे.

"डबा अर्धा परत आणू नकोस," ते म्हणाले. "आणि तिथं रडू आलं तर रड. लाजायचं काय त्यात?"